न वाजणारा डबा

डोळे मिटून पडलं की आमच्या घरच्या बायका मला आधी ऐकू येतात, दिसतात नंतर. आई ऐकू येते ती पहाटे अंगणात फटफट करत सुरू होणाऱ्या तीनचाकी मालगाडीतून. आत्या ऐकू येते ती दोऱ्यातून. ओल्या दोऱ्याची गाठ ओढली की सर्रकन बारीक आवाज होतो, आणि हार संपला की दातानं दोरा तोडल्याची टुक. लहानपणी अकोल्याला गेले की मी आत्याच्या खोलीत शेवंतीच्या ढिगाशेजारी झोपायचे. झोपेत चुकून ढिगाला पाय लागला तर आत्या चिमटा काढायची, कारण फुलं देवाला जायची. चिमटा बसला की मी कूस बदलायची आणि पुन्हा त्या सर्र-टुकमध्ये बुडून जायची. खोलीत सगळीकडे ओल्या पानांचा वास असायचा. अजूनही ताप आला की मला त्याच खोलीत असल्यासारखं वाटतं.

आमचं घर भाजी आणि फुलं पिकवणाऱ्यांचं. वडील अमरावतीच्या कडेला वांगी, मेथी आणि सांबार करायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागतं. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. तिला अकोल्याला, मोर्णा नदीच्या अलीकडे फुलांचं वावर असलेल्या घरात दिली होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणते. दादा रांगत होता तेव्हा आत्याचे यजमान गेले. माझे आजोबा बैलगाडी जुंपून लेकीला आणायला गेले. आत्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मले नेता तं वावर बी न्या उचलून. ते इथंच राह्यत असन, तं मी बी इथंच राह्यतो." आजोबा चहा पिऊन परत आले. हा किस्सा मी इतक्या जणांकडून ऐकला आहे, की ती बैलगाडी रिकामी परत येताना मी स्वतः पाहिली असं मला वाटतं. खरं तर तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

पुढं आत्या फुलांच्या बाजारात पोतं अंथरून बसली. शेजारी सगळे बाप्येच. कोणी तिच्या पाट्या सरकवल्या, कोणी नावं ठेवली. आत्याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असायचा, पण तिची खरी ताकद रागात नव्हती. ती कशालाच लवकर हो म्हणायची नाही, त्यात होती. गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं आणि ती उत्तरच द्यायची नाही, फुलांवर पाणी शिंपडत राहायची. शेवटी गिऱ्हाईकच अवघडून तिच्या भावावर यायचं. दादानं शाळा सोडतो म्हटलं, जावेनं वावर विकू म्हटलं, तरी आत्याचं पाणी शिंपडणं तसंच चालू राहिलं.

आता भुलाबाईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय या दोघी कळायच्या नाहीत. भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे वऱ्हाडात घरोघर भुलाबाई बसते. शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती, सगळे मातीचे. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एकेका घरी जमतात, टाळ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि मग सगळ्यात मोठी मजा येते ती खाऊ ओळखण्याची. घरची बाई झाकण लावलेला डबा घेऊन येते आणि तो हलवून दाखवते. आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. गोड का? तिखट का? तळलेलं का? ओळखलं की खाऊ मिळतो. नाही ओळखलं तरी मिळतो, पण आधी 'हारलो' म्हणावं लागतं.

आत्याकडे कोजागिरीला, पोरी घरी गेल्या की, बायकांचा डाव व्हायचा. त्यासाठी एक वेगळा पितळी डबा होता. त्याच्या झाकणाला पोचा पडला होता, त्यामुळे ते गच्च बसायचं. आत्या भरायची आणि आई ओळखायची, पुढच्या वर्षी आई भरायची आणि आत्या ओळखायची. नणंद-भावजयींचं भांडण आमच्याकडे वर्षातून एकदाच व्हायचं आणि ते या डब्यातून व्हायचं. नियम आत्यानंच केला होता. हरलेलीनं जिंकलेलीचं एक ऐकायचं. एकच, पण ऐकायचंच.

तो डबा फार खोडकर होता. एकदा आत्यानं त्यात एकच फुटाणा टाकला. एकदा आईनं तो चिवड्यानं इतका ठासून भरला की आवाजच येईना. एकदा आत आणखी एक लहान डबी निघाली आणि त्या डबीत खडीसाखर. मी कधीच बरोबर ओळखलं नाही. काहीही वाजलं तरी मी शेंगदाणे म्हणायची. बायका इतक्या हसायच्या की पुढं पुढं मी मुद्दामच शेंगदाणे म्हणू लागले. एकदा आत्यानं मला जवळ ओढून कानात सांगितलं, "डब्याले काय ऐकतं पोरी? जिनं भरला, तिच्या तोंडाकडे पाह्य." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड ताकास तूर लागू देत नव्हतं.

एका कोजागिरीला आई हरली. त्या वर्षी वडिलांची पाठ धरली होती. भाजी बाजारात न्यायला रोज कोणाच्या तरी गाडीची वाट पाहावी लागायची, आणि गाडी येईपर्यंत सांबार मान टाकायचा. आम्हाला वाटलं, आत्या लुगडं मागेल किंवा आईच्या हातचे सरगुंडे खायला मागेल. आत्या म्हणाली, "वयनी, तू गाडी शिक." वयानं मोठी असूनही ती आईला वयनीच म्हणायची. आई हसली, मग रडकुंडीला आली, मग म्हणाली, "बाई, या वयात? लोकं काय म्हणतीन?" आत्या म्हणाली, "लोकं बाजूले सरकतीन. गाडी अंगावर आली का सरकतेतच."

आई शिकली. आधी वावराच्या बांधावर, मग रस्त्यावर. एकदा वांग्यांसकट नालीत गेली. पण हरल्यावर ऐकायचंच, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीवर बसली. शाळेच्या सुट्ट्यांत मी तिच्याबरोबर बाजारात जायची. मागं ओल्या मेथीच्या जुड्यांवर गोणपाट टाकून मी आडवी व्हायची. गाडी हिंदकळायची, वर राजकमल चौकातले दिवे एकामागून एक सरकत जायचे, आणि पुढून आईचं आपल्याशीच बोलणं ऐकू यायचं. "चाल, चाल, थांबू नको," असं ती म्हणायची. गाडीला म्हणायची की स्वतःला, ते मला कधी कळलं नाही. मला मात्र त्या जुड्यांवर फार निर्धास्त वाटायचं. पुढं आई आहे, म्हणजे रस्ता आहे.

दुसऱ्या एका कोजागिरीला आत्या हरली. आईनं डब्यात ओला नारळ फोडून त्याचा अर्धा भाग पालथा बसवला होता, तो हललाच नाही. आत्यानं भाजलेले दाणे, तीळ, रेवड्या सगळं म्हणून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. आई आत गेली आणि सकाळी आत्यानंच ओवलेला शेवंतीचा उरलेला गजरा घेऊन आली. "माळा," ती म्हणाली. आत्यानं आयुष्यभर गावातल्या बायकांना गजरे विकले होते, पण यजमान गेल्यापासून स्वतःच्या केसांत एक फूल खोवलं नव्हतं. आईला तेव्हा आत्याचा धाक होता, पण तिनं गजरा मागं घेतला नाही. "नियम तुमचाच हाय, बाई," ती म्हणाली. आत्यानं थोडा वेळ मान खाली घातली. मग पाठ फिरवून आईसमोर बसली. आईनं तो गजरा तिच्या अंबाड्यावर बांधला. तेव्हापासून आत्या रोज गजरा घालून बाजारात बसायची. ज्यांना नावं ठेवायची होती त्यांनी ठेवली, आणि मग त्यांच्या सुनांसाठी गजरे तिच्याकडूनच नेले.

गेल्या उन्हाळ्यात आत्याला झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं, एक शब्द उरला. तो शब्द होता 'बरं'.

चहा देऊ का? बरं. दुखतं का? बरं. ही कोण, ओळखलं का? बरं. डॉक्टरांनी चित्रं दाखवून बोट ठेवायला सांगितलं, तर तिनं तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, काही समजत असेल, काही नसेलही, नक्की सांगता येत नाही. दादा आणि त्याची बायको, माझी वहिनी, पुण्याहून धावत आले. आलटून पालटून सुट्ट्या काढून त्यांनी तिचं सगळं केलं. दादाला मी उगाच नावं ठेवणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतला तो नाही. आत्याचं अंग पुसताना त्याला मी स्वतः पाहिलं आहे. पण किती दिवस? नोकऱ्या तिकडे, मुलांच्या शाळा तिकडे. दसऱ्याच्या आधी त्यानं आत्याच्या खाटेवर बसून तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मा, पुण्याले चालतं आमच्याबरोबर?"

"बरं," आत्या म्हणाली.

"वावर अर्ध्या वाट्यानं, बटईनं देऊन टाकतो. घराले कुलूप लावू. चालन?"

"बरं."

दादाचे डोळे भरून आले. त्याला वाटलं होतं आत्या अडून बसेल. त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची तिकिटं काढली गेली. मी हे आईला सांगितलं. आई मेथी निवडत होती, तिचे हात थांबले.

"जे बाई जल्मात कोणाले बरं म्हणाली नाई," ती म्हणाली, "ते आता सगळ्यायले बरं म्हणून राह्यली, आन् तुमाले खरं वाटते?"

"आई, डॉक्टर म्हणाले न..."

"डॉक्टरले काय माईत? तो कधी तिच्याकडून फुलं घेऊन गेला काय?"

पण आईजवळही पुरावा नव्हता. तिनं फोन कानाला लावून आत्याला विचारलं, "बाई, तुमाले जायचं नाई न?" पलीकडून उत्तर आलं, "बरं." आईनं फोन ठेवला आणि मेथीची जुडी पुन्हा पुढं ओढली. एरवी आत्याचं अर्धं वाक्यही तिला पुरायचं. आता अख्खी बाई आत अडकली होती आणि बाहेर यायला एकच दार होतं, तेही चुकीचं. मला पहिल्यांदा भीती वाटली, की आत्या आपल्या डोळ्यांदेखत जाईल आणि जाताना बरं बरं म्हणत जाईल. आणि तिला जायचं नव्हतं की होतं, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

कोजागिरीच्या सकाळी आईनं मालगाडीत ज्वारीचे हिरवे धांडे भरले. शेवटच्या दिवशी भुलाबाईला धांड्यांचा मांडव लागतो. "अकोल्यात भेटत नाईत काय धांडे?" मी विचारलं. "भेटतीन," आई म्हणाली, "पण आपले नाईत." बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मी पुन्हा कित्येक वर्षांनी मागं बसले होते, धांड्यांना टेकून. हिरवा, थोडा गोड वास येत होता. दोन्ही बाजूंनी कपाशी पांढरी व्हायला लागली होती, मधूनच तुरीचा पट्टा येई, आणि ऊन डोळ्यांवर इतकं मऊ पडत होतं की वाट अमरावतीहून अकोल्याला जाते आहे की मागं, लहानपणाकडे, ते कळेना. पुढून आवाज येतच होता, "चाल, चाल, थांबू नको."

आत्याच्या घरी सगळं बांधून झालं होतं. बॅगा ओळीनं भिंतीशी. वहिनी मात्र हैराण झाली होती, कारण घराची किल्ली सापडत नव्हती. दाराच्या मागच्या खिळ्यावर ती वर्षानुवर्षं लटकलेली असायची, पितळी, बोटभर लांब. सकाळपासून नाहीशी झाली होती. त्यांनी डबे उपसले, गाद्या झटकल्या, फुलांच्या रिकाम्या पाट्या उलट्या केल्या. "नवीन कुलूप आणतो," दादा म्हणाला. आत्या देवाजवळ चटईवर बसून होती, मांडीवर कापसाचा गोळा. "दुपारपासून वाती करून राह्यल्या," वहिनी हळूच मला म्हणाली. "एका हातानं होत नाईत. मी घ्यायले गेली तं देत नाईत. सवय हो, दुसरं काय." मला भरून आलं. मी आत्याजवळ बसले आणि तिच्या विस्कटलेल्या अंबाड्यावरून हात फिरवला. गजरा नव्हता.

"यंदा भुलाबाई राहू द्यायची काय?" वहिनीनं विचारलं. "उद्याची गाडी हाय."

"काहून राहू द्यायची?" आई म्हणाली. "भुलाबाईले उद्याची गाडी नाई."

आईनं मांडव उभा केला. दिवे लागायच्या वेळी गल्लीतल्या पोरी आल्या. त्यांना अर्धी गाणी येत होती, उरलेली त्यांनी मोबाइलवर पाहून म्हटली. मी कौतुकानं पाहत होते. आत्याला अंगणात खुर्चीवर आणून बसवलं होतं; मांडीवरची चादर तिनं कोणाला काढू दिली नव्हती. गाणं चालू होतं तेव्हा तिचा डावा हात मांडीवर ताल धरत होता, एकही ताल न चुकता. स्टीलच्या डब्यांतले मुरमुरे आणि शंकरपाळे पोरींनी फटाफट ओळखले, दूध प्यायल्या आणि पळाल्या. पेरूच्या झाडामागून चंद्र वर आला. अंगण दुधानं सारवल्यासारखं झालं.

"चला, आता आपला डाव," आई म्हणाली.

वहिनी आवराआवर करत होती. "मामी, कोणाशी खेळता आता? त्यायले..." तिनं आत्याकडे पाहिलं.

आई पितळी डबा आणायला आत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. "फळीवर नाई," ती म्हणाली. तेवढ्यात आत्यानं डाव्या हातानं मांडीवरची चादर बाजूला केली. डबा तिथं होता. झाकण गच्च बसवलेलं.

तिनं तो उचलला. डबा तिनं कानाच्या उंचीला नेला आणि हलवला, अगदी पूर्वी हलवायची तसा, दोनदा लांब आणि एकदा तुटक.

आवाज आला नाही.

आईनं डबा हातात घेतला. हलवला, उलटा केला, कानाला लावला. मी घेतला. थोडा जड वाटला, पण आत काही हलत नव्हतं. "गोड हाय काय, बाई?" आईनं विचारलं. "बरं." "तिखट?" "बरं." "तळलेलं?" "बरं." वहिनीला हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि मग आत्याही हसली. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसली. किती महिन्यांनी.

"शेंगदाणे," मी म्हटलं.

आई हसली नाही. ती डब्याकडे पाहतच नव्हती. चंद्राच्या उजेडात ती आत्याच्या तोंडाकडे पाहत होती, टक लावून. किती वेळ ते सांगता येणार नाही. आत्याही तिच्याकडे पाहत होती, पापणी न हलवता. मग आईनं डबा खाली ठेवला.

"मी हारली, बाई," ती म्हणाली. आणि लगेच घराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "भाऊ, इकडे ये. तू बी ओयख."

दादा आत बॅगेची चेन ओढत होता. "मामी, हा तं बायायचा डाव होय न?"

"तुई मायच हाय न भरणारी? ये."

बायकांच्या डावात पुरुष कधी बसला नव्हता. दादा अवघडून मातीवर मांडी घालून बसला. त्यानं डबा हलवला. साखर म्हणाला. मग पेढा म्हणाला. मग त्यानं डबा पुन्हा कानाशी धरला आणि तसाच थांबला. लहानपणी दारामागून लपून हा डाव पाहायचा तो, मला आठवलं. त्याचा चेहरा हळूहळू तेवढाच लहान झाला.

"हारलो, मा," तो म्हणाला.

आत्यानं बोटानं झाकणाकडे खूण केली. ते उघडायला त्याला गुडघ्यात धरून जोर लावावा लागला. तिनं एका हातानं ते कसं बसवलं असेल, देव जाणे. आत कापूस होता. आपल्या वऱ्हाडातला पांढरा, पिंजलेला कापूस, दाबून दाबून भरलेला. दादानं बोटं घातली, थर बाजूला केले, आणि मधोमध, बाळंतिणीच्या खोलीतल्या बाळासारखी गुंडाळलेली, घराची किल्ली निघाली.

वहिनीनं तोंडावर पदर घेतला. मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं, आणि मी दोन्हीपैकी काहीच आवरलं नाही. या बाईचा एक हात गेला होता, सगळे शब्द गेले होते. आम्ही तिच्यासमोर तिच्या जाण्याची तारीख ठरवली होती, तिचे कपडे घड्या घालून बॅगेत भरले होते. आणि तिनं काय केलं? किल्ली उचलली, ती वाजू नये म्हणून कापसात घातली आणि संध्याकाळ व्हायची वाट पाहिली. नियम तिचा होता, तो तिला पाठ होता.

"तुले यायचं नोतं," दादा किल्लीकडे पाहत म्हणाला, "तं तू मले बरं काहून म्हणाली, मा?" आणि विचारता विचारताच त्याचं त्याला समजलं. त्यानं तोंड दुसरीकडे केलं.

आई पुढं झाली. पूर्वीच्या धाकातली ती भावजय आता कुठंच नव्हती. "दिवाळीपर्यंत मी हाय इथं," ती म्हणाली. "वावरात दोघी जणी कामाले येतेतच, त्याईले सांगू. गाडी दारात हाय, दवाखाना लांब नाई. मंग पुढचं पुढं पाहू. पण जायचं का राह्यचं, हे तिले इचारून. डबा वाजवून इचारा पाह्यजे तं."

आईला किल्लीचं आधीच कळलं होतं का, हे मी नंतर कितीदा विचारलं. ती मेथी निवडत राहते.

आत्यानं डावा हात पुढं केला. दादानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती कमरेला कनवटीत खोवली, वरून पदर नीट केला आणि रिकामा पितळी डबा उचलून दादाच्या हातात दिला. पुढच्या कोजागिरीला भरायची पाळी त्याची होती. मग तिनं पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं, एकदाच, आणि मुलाच्या तोंडाकडे पाहत थांबली.

दादानं डबा छातीशी धरला.

"बरं," तो म्हणाला.